फोटो नको, हाताचा व्हिडिओ पाठव

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहा वाजता व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. चार रेघी वहीचं पान. ओळीओळीने ठिपक्यांचा कर्सिव्ह ‘ए’ छापलेला आणि त्यावरून पेन्सिल फिरवलेली. खालच्या दोन ओळी मुलाने आपल्या मनाने काढायला मोकळ्या सोडलेल्या. तिथे बटाटे होते. काही बटाट्यांना शेपूट, काहींना नाही. एका ठिकाणी खोडून खोडून कागद फाटलेला.

पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत उर्दू आणि मराठी दोन्ही माझ्याकडेच शिकली. आता तिचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला आहे, वय चार वर्षं. खाली तिने लिहिलं होतं, ‘आपा, ठिपक्यांवर छान काढतो. ठिपके गेले की काहीच येत नाही. मिस म्हणतात, घरी अजून गिरवून घ्या. रोज दोन पानं घेते. रडतो. अजून किती गिरवून घेऊ?’

मी उत्तर दिलं, ‘फोटोवरून काही कळत नाही. तो लिहीत असताना नुसत्या हाताचा व्हिडिओ पाठव.’

तिला ते विचित्र वाटलं असणार. बारा वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं तर मलाही वाटलं असतं. तोवर मीही अक्षर पानावरच बघत होते.

कर्सिव्ह ‘ए’ काढताना पेन्सिल घड्याळातल्या एक-दोनच्या जागी टेकते, तिथून डावीकडे वळून काट्यांच्या उलट दिशेने फिरत परत त्याच जागी येते, आणि न उचलता सरळ खाली उतरून उजवीकडे छोटी शेपटी सोडते. ती शेपटी म्हणजे पुढच्या अक्षराकडे केलेला हात. आता एखादं मूल काय करतं? ठिपक्यांवर खालून सुरुवात करतं, काट्यांच्या दिशेने गोल काढतं, पेन्सिल उचलतं आणि उजवीकडे एक काठी मारतं. पानावर दोन्ही ‘ए’ जवळजवळ सारखेच दिसतात. बाई दोन्हींवर बरोबरची खूण करतात. फरक कळतो तो वर्षभराने, अक्षरं जोडायची वेळ येते तेव्हा. हात नेमका उलट्या बाजूला जाऊन उभा असतो. ‘सी’, ‘डी’, ‘जी’, ‘क्यू’, ‘ओ’ ही सगळी ‘ए’च्याच वळणाची भावंडं. एकाची चाल बिघडली की सगळ्या घराची बिघडते.

शिवाय ठिपका हा मुलासाठी रस्ता नसतो, थांबा असतो. गावोगाव थांबणाऱ्या एसटीसारखा हात प्रत्येक ठिपक्यावर थांबत थांबत जातो. अक्षर पुरं होतं, पण त्याचं वळण हातात एकदाही येत नाही. म्हणून ठिपके गेले की सगळंच जातं.

हे शहाणपण मला बी.एड.ने दिलेलं नाही. बी.एड. माध्यमिकच्या वर्गांसाठी असतं. तिथे पाठ टाचण, मूल्यमापन, गालिबच्या गझलेचं रसग्रहण वगैरे शिकले. चार वर्षांच्या मुलाचं बोट कसं धरायचं हा विषय कुठल्याच पेपरात नव्हता. मी हायस्कूलची मास्तरीण. आमच्या संस्थेच्या बालवाडीतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि ‘आपा, तुमचे तास कमी आहेत’ असं म्हणून दुपारचे दोन तास माझ्या गळ्यात आले. चोवीस मुलं. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? बाजारातून गिरवायची पुस्तकं आणली. उर्दूचं वेगळं, मराठीचं वेगळं, इंग्रजीचं वेगळं. पालकांना इंग्रजी हवंच होतं, आणि इंग्रजी म्हणजे कर्सिव्ह. छापील अक्षर काढलं तर शिकवणं स्वस्तातलं वाटतं, असं एका पालकाने मला तोंडावर सांगितलं.

त्या चोवीस मुलांत एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, छोटी म्हणू. वडील शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डिंगच्या कामावर. छोटीने पहिल्या दिवशी पेन्सिल डाव्या हातात घेतली. मी ती काढून उजव्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी मारलं नाही, ओरडलेही नाही. हसून म्हणायचे, ‘बेटा, सीधा हाथ.’ तिची दादीही घरी हेच सांगत होती, त्यामुळे माझी खात्रीच होती की आपण चांगलं वळण लावतोय. उजव्या हाताने जेवावं ही आपल्या घरांतली शिकवण, ती मी आजही मानते. पण घास आणि पेन्सिल यांची गल्लत मी केली, आणि ती हसत हसत केली.

महिन्याभरात छोटीने पेन्सिल धरणंच सोडलं. पुस्तक उघडलं की दोन्ही हात फ्रॉकखाली. विचारलं तर मान खाली. आधी गाणी म्हणायची, तीही बंद झाली. मी रोजच्या नोंदवहीत लिहिलं : ‘लक्ष नाही.’ ती नोंदवही माझ्याकडे अजून आहे.

जुलैतली गोष्ट. पाऊस थोडा थांबला होता. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. शाळेच्या मागे बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला होता, तिथे छोटी एकटी उकिडवी बसलेली. डाव्या हातात खराट्याची काडी. ओल्या वाळूत ती ‘जीम’ काढत होती. वरची आडवी रेघ, मग पोट, आणि पोट असं की खुशनवीस बघेल तर थांबेल. न उचलता, एका वळणात. मग काडीने पोटात नुक्ता टोचला. हाताने पुसलं. पुन्हा जीम. मी मोजले, नऊ वेळा. त्यातला एकही माझ्या पुस्तकातल्या ठिपक्यांवर काढलेला नव्हता. मी फळ्यावर काढताना तिने फक्त बघितलं होतं.

मी तशीच स्टाफरूममध्ये जाऊन बसले. रडले वगैरे नाही, पण त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

संध्याकाळी छोटीच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते कामावरून तसेच आले, हाताला काळी वाळू. मी म्हटलं, ‘भाई, माझी चूक झाली. तिला डाव्या हाताने लिहू दे.’ ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘आपा, मी पण डावराच हाय. आमच्या मास्तरनं हात बांधला होता. म्हणून तर मी फाउंड्रीत.’ पुढे हसून म्हणाले, ‘तिथं कुठला हात, कोण इचारत न्हाई. पॅटर्न वाळूतनं सरळ वर निघाला पायजे, एवढंच. जरा हालला की साचा ढासळतो. माल चांगला दिसतोय का ते मागनं बघायचं, आधी हात कसा गेला ते बघायचं.’

दादीला त्यांनीच समजावलं. कसं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांची पानं बघणं सोडलं आणि हात बघायला लागले. आणि मग जे दिसत गेलं त्याने माझी वीस वर्षांची लिपीची समजूत हलली. छोटी डाव्या हाताने उर्दू लिहायची तेव्हा तिचा हात लिहिलेल्यापासून लांब जायचा. उर्दू उजवीकडून डावीकडे. लिहिलेलं सगळं तिला दिसत राहायचं, काही पुसलं जायचं नाही. तोच हात मराठीत किंवा इंग्रजीत आला की लिहिलेल्या अक्षरावरूनच सरकायचा. मग मनगट वाकडं, खांदा वर, पेन्सिलचा काळा डाग करंगळीखालच्या सगळ्या कडेला. तिचा कागद मी थोडा तिरका केला, वरचा उजवा कोपरा खाली येईल असा. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरायला लावली. एवढ्याने मनगट सरळ झालं.

आणखी एक. मराठी-इंग्रजीच्या गिरवायच्या पुस्तकात नमुन्याचं अक्षर डावीकडे असतं. डावऱ्या मुलाचा हात नेमका त्यावर पडतो, म्हणजे बघून काढायचं ते अक्षरच झाकलं जातं. उर्दूच्या पुस्तकात नमुना उजवीकडे असतो. तिथे झाकतात ती बाकीची तेवीस मुलं! इतकी वर्षं उर्दू शिकवून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून मी नमुना ओळीच्या दोन्ही टोकांना काढते. खर्च शून्य.

आता तीन लिप्यांचा प्रश्न. आमची मुलं सकाळी बालवाडीत तीन लिप्या आणि संध्याकाळी मौलाना साहेबांकडे अरबीचा कायदा अशी चौफेर अडकलेली असतात. उर्दूची अक्षरं एकमेकांचे हात धरून चालतात, आणि शेजारी कोण आलं त्यानुसार रूप बदलतात. त्यातही अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरं मागच्याचा हात धरतील, पुढच्याला देणार नाहीत. मराठीची अक्षरं एकेकटी, शिरोरेघेला टांगलेली. इंग्रजी कर्सिव्ह पुन्हा जोडलेलं, पण उलट्या दिशेने. मोठ्यांना वाटतं, मुलांचा गोंधळ होईल. माझा अनुभव सांगते, दिशेने मुलांचा गोंधळ फारसा होत नाही. दार कुठल्या बाजूला उघडतं हे ती घरागणिक लक्षात ठेवतातच. गोंधळ होतो तो तिन्ही लिप्यांत एकाच आठवड्यात पेन्सिल हातात दिली तर.

कर्सिव्ह हा इंग्रजांचाच शोध आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं विषयांतर करते. माझे नाना मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकले. दसरा चौकातलं तेच बोर्डिंग; १९०६ साली शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी केली, तिचं. नानांना मोडी येत होती. मोडी म्हणजे आपलं कर्सिव्ह : आधी पानभर सलग रेघ ओढायची आणि मग लेखणी होता होईल तो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जायचं. कोल्हापूरच्या पुरालेखागारातले रुमालच्या रुमाल या लिपीत आहेत. नाना सांगायचे, मास्तर मागे बसून त्यांची मूठ आपल्या मुठीत धरायचे आणि धूळपाटीवर फिरवायचे. पाटीवर धूळ पसरलेली. चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. फाटायला कागदच नाही. आणि गिरवून घ्यायचं म्हणजे मास्तर शेजारी बसलेला असलाच पाहिजे, नाहीतर गिरवणार कशावर?

‘कित्ता’ हा शब्दही बघा. कित्ता गिरवणे म्हणतो आपण, अगदी अस्सल मराठी वाटतो. तो अरबी ‘कितआ’, म्हणजे तुकडा. सुलेखनाचा नमुना म्हणून उस्ताद जो तुकडा लिहून देई तो. दौत, शाई, कागद हे शब्द अरबी-फारसीतून आलेले, लेखणी आणि अक्षर संस्कृतातून. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं वळवावं इथपर्यंत. मराठी मुलाच्या दप्तरात हे सगळं आधीपासून शेजारी शेजारी बसलंय. (दप्तरही फारसीच.) असो.

तर त्या वर्षी मी गिरवायची पुस्तकं कपाटात टाकली आणि पहिले तीन महिने पेन्सिल जवळजवळ बंद ठेवली. ताटात रवा पसरून बोटाने अक्षरं काढायचं ठरवलं. तिसऱ्याच दिवशी एका मुलाच्या नानी दारात. ‘रिज्कात बोटं घालून खेळायला शिकवताय का पोरांना?’ त्यांचं बरोबर होतं. मग मागच्या ढिगातली वाळू आणली, चाळली, धुतली, उन्हात वाळवली आणि छोटीच्या वडिलांनी पत्र्याचे सहा ट्रे बनवून दिले, कडा वळवून, बोट कापणार नाही असे.

ट्रेच्या पुढे मी बसायची. मुलासमोर नाही, शेजारी; समोर बसलं की अक्षर त्याला उलटं दिसतं. आधी माझं बोट फिरायचं, तोंडाने बोलत : ‘वळ, वळ, घरी ये, खाली उतर, शेपटी.’ मग त्याचं बोट माझ्या रेघेतून. मग ट्रे हलवून वाळू सपाट, आणि त्याचं एकट्याचं. गिरवणं दोनदा-तीनदाच, त्याहून जास्त नाही. गिरवणं म्हणजे सायकल शिकवताना मागून धरलेला हात, तो वेळेवर सोडायचा असतो. ठिपक्यांचं पुस्तक तो हात सोडतच नाही.

हे मी शोधून काढलं असं समजू नका. इटलीच्या मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांच्याकडे अक्षरं खरखरीत कागदाची असत. मूल त्यावरून दोन बोटं फिरवायचं, लिहिण्याच्याच दिशेने, आणि पेन्सिल फार पुढे यायची. गंमत म्हणजे ती अक्षरं कर्सिव्हच होती. म्हणजे भांडण कर्सिव्हशी नाहीच. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेतली. ताराबाई आणि अनुताईंचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. मी स्वतः तसंच केलं होतं. त्यांचं काम वाचलं ते त्या जुलैनंतर.

हाताचंही एक गणित आहे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कुर्चेची, मऊ असतात, वर्षागणिक एकेक करून टणक होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांतली तीन-चारच दिसतात. अशा हाताला चार रेघांच्या मधल्या अरुंद पट्टीत ‘ए’ बसव म्हणायचं, तेही रोज दोन पानं! त्याऐवजी शेंगा फोडू द्या, लसूण सोलू द्या, कणकेचा गोळा द्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावू द्या, ओला रुमाल पिळू द्या. बोटांची ताकद तिथून येते. पेन्सिल द्यायचीच तर लांबलचक नको. अंगठ्याएवढा खडूचा तुकडा द्या. तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत जातो.

माझं मत विचाराल तर साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला कर्सिव्ह लिहायला लावणं हा मोठ्यांचा हौसेचा मामला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा. पण धोरण दिल्लीत असतं आणि वही दप्तरात. त्या आईला मी ‘शाळा बदल’ असं सांगू शकत नाही. फी भरलीय, रिक्षा लावलीय, नवऱ्याने ओव्हरटाइम घेतलाय. आपल्या मुलाने इंग्रजीत मागे पडू नये ही तिची भीती मी फाजील म्हणणार नाही. उर्दू माध्यमातून शिकून कॉलेजात गेलेल्या मला ती भीती तोंडपाठ आहे.

छोटी आता आमच्याच हायस्कूलमध्ये अकरावीला आहे. अक्षर ठीकठाक, फार सुंदर वगैरे नाही. इंग्रजी डाव्या हाताने तिरका कागद ठेवून भराभर लिहिते. गाणी मात्र पुन्हा म्हणताना मी तिला ऐकलं नाही. कदाचित मोठी झाली म्हणून असेल. मी त्या एका महिन्याचा हिशोब लावत राहते, तो लागत नाही.

व्हिडिओ काल आला. अडतीस सेकंदांचा. मुलाची मूठ, मुठीत लांब पेन्सिल. पहिला ‘ए’ खालून सुरू, काट्यांच्या दिशेने गोल, पेन्सिल उचलली, काठी. दुसराही तसाच. मागून आईचा आवाज, ‘ठिपके बघ बेटा, ठिपके.’ तिसऱ्या वेळी त्याने पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली आणि पटकन परत पहिल्या हातात टाकली. मी तेवढा भाग चार वेळा बघितला. एवढ्यावरून तो डावरा आहे असं म्हणता येत नाही. थकलेली मुलंही हात बदलतात. पण त्याने पेन्सिल परत टाकली ती आईकडे बघून.

मी फोन केला. म्हटलं, ‘पंधरा दिवस वही बंद. चमचा, कंगवा, चेंडू कुठल्या हाताने घेतो ते फक्त बघत राहा, बोलू नकोस.’

‘आणि मिसना काय सांगू?’

‘माझा नंबर दे. मी बोलते.’

थोडा वेळ ती गप्प. मागे मुलाचा आणि टीव्हीचा आवाज. मग म्हणाली, ‘आपा, ती वाळूची ट्रेची गोष्ट तुम्ही आम्हाला वर्गात सांगितली होती. वाळू कुठली घेऊ?’

‘तुमच्या गल्लीत बांधकाम चालू आहे ना? तिथली ओंजळभर पुरे. चाळून घे. आणि दोनदा धू, धूळ राहायला नको.’